अनुभव धागा: मोबाइलवरची प्रार्थना, मोबाइलवरची मंडळी

सदरची_लेक
नवीन फोनमध्ये जुन्याचं सगळं उतरवून घेताना पप्पांची व्हॉइस नोट सापडली. १२ एप्रिल २०२०, ईस्टरची सकाळ. चर्चला कुलूप, म्हणून पाळकसाहेबांनी घराघराला एकेक वाचन वाटून दिलं होतं. पप्पांच्या वाट्याला लूक २४ आलं, अम्माऊसची वाट, पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना वाटेत भेटतो ते. मागे कूलरची घरघर. मधेच मम्मी, "अहो, ते बटन दाबून धरलं का?" आणि पप्पा, "धरलं, तू बस." मग वाचन. येशूने भाकर मोडली आणि दोघांनी त्याला ओळखलं, तिथे पप्पा इतके थांबले की मला वाटलं नोट संपली.

पप्पा आता प्रभूजवळ आहेत. आमच्या घरात त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकरही नव्हती, द्राक्षरसही नव्हता, पण ईस्टर झाला होता हे मी शपथेवर सांगेन. फोनमुळे तुमच्या प्रार्थनेचं, उपासनेचं काय झालं? चांगलं-वाईट, जे असेल ते लिहा.

रात्रपाळीची_सिस्टर
ताई, रडवलंस. मी कोविड वॉर्डात होते. फोन आधी झिपच्या पिशवीत घालायचा, मग वरूनच बोट दाबायचं, दोन-दोन ग्लोव्हजमुळे ते लागायचंच नाही. एक आजोबा ऑक्सिजनवर होते, घरच्यांना आत सोडत नव्हते. मुलीने पाळकांना व्हिडिओ कॉलवर घेतलं, मी फोन आजोबांच्या कानाशी धरला. स्तोत्र २३. पाळक एकेक ओळ म्हणायचे, आजोबांचे ओठ मास्कच्या आत हलायचे, प्लास्टिकवर वाफ धरायची, विरायची, परत धरायची. तोंडपाठ होतं त्यांना. शेवटी मुलगी तिकडून म्हणाली, "पप्पा, आमेन म्हणा." आवाज नाही निघाला. दोन बोटं वर केली.

तेव्हापासून कोणी मोबाइलला सैतानाचं यंत्र म्हटलं की मी ऐकून घेत नाही. बाकी नंतर लिहिते, हँडओव्हर आहे.

मोहननगर_मावशी
देव तुझं भलं करो पोरी. तुझ्यासाठी आज प्रार्थना करते.

कूलरवाला_भाऊ
कूलरची घरघर!! आमच्या झूमवरच्या उपासनेत तर सगळ्यांचेच कूलर एकदम चालू. पाळकसाहेब म्हणाले म्यूट करा, तर अर्ध्या मंडळीने कूलर बंद केले. एप्रिलात! नागपुरात!

मोहननगर_मावशी
आमच्या घरी तेच झालं बाप्पा 😄 घामाघूम होऊन "परात्पर पित्या" म्हणून राहिलो होतो.

आयटीतला_थॉमस
मी मिहानमध्ये नोकरीला. दिवसभर स्क्रीन, लंचला स्क्रीन, रात्री अमेरिकेचे कॉल. सकाळी ॲपवर वचन यायचं, वाचायचो, खाली ऑफिसचा मेसेज दिसायचा, वचन गेलं. आता शनिवारी रात्री फोन बंद करून आईच्या कपाटात ठेवतो, रविवारी उपासनेनंतर काढतो. आजोबांचं जाड पवित्र शास्त्र वाचतो. त्यात त्यांनी पेन्सिलने बारीक बारीक लिहून ठेवलंय, कोणाचा बाप्तिस्मा, कोणाचं लग्न, कुठल्या वर्षी पाऊस आला नाही. ॲपमध्येही हायलाइट होतं, पण ते मी गेल्यावर माझ्या पोरांना दिसणार आहे का?

निवृत्त_मास्तर
थॉमस, माझं बरोबर उलटं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कागदावरचं अक्षर दिसतच नव्हतं. नातीने टॅबवर अक्षर पावाएवढं करून दिलं. कित्येक दिवसांनी यशया ४० स्वतः वाचला. चर्चमध्ये टॅब काढला तर मागून एक बाई म्हणाल्या, "या वयात गेम?" मी त्यांना स्क्रीनच दाखवली.

आणि तंत्राला आपण ख्रिस्ती लोक कधी घाबरलो? १८४२ मध्ये ज्ञानोदय हे आपलं ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेव्हा छापखाना इकडे नवाच होता. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. पण त्या माणसाने पुस्तक हातात ठेवून गप्प बसणं पसंत केलं नाही, तो टिळकांशी बोलला. योहानाचं दुसरं पत्र काढून बघा, जेमतेम तेरा वचनं. शेवटी तो म्हणतो, पुष्कळ लिहायचं आहे पण कागद-शाईने नको, येऊन तोंडोतोंड बोलू. पत्र लिहिणाऱ्यालाच पत्र पुरत नव्हतं.

सदरची_लेक
मास्तर, हे रविवारी सांगा नं सगळ्यांना!

जपमाळ_काकू
आम्ही कॅथलिक, चालेल ना इथे? आमचा बारक्या आधी मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, यायला कुरकुर करायचा. कार्लो अकुटिसचं ऐकल्यावर बदलला. पंधराव्या वर्षी २००६ मध्ये वारलेला मुलगा, कॉम्प्युटरवर ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या) चमत्कारांची साइट करणारा. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओंनी त्याला संत जाहीर केलं, आम्ही घरात सगळे टीव्हीसमोर. बारक्या म्हणाला, "याने तर जीन्स घातलीय." तो मुलगा रोज मिस्साला जायचा, हे मी त्याला लगेच सांगितलं.

ऑनलाइन कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, होतं का, असं मला सारखं विचारतात. नाही होत. इंटरनेटवर संस्कार, म्हणजे कन्फेशनसारखे पवित्र विधी, नसतात, असं व्हॅटिकनने २००२ मध्येच लिहून ठेवलंय. आजाऱ्याने टीव्हीवर मिस्सा बघावी, मनाने सहभागी व्हावं, पण धडधाकट माणसाने सोफ्यावर पाय पसरून नाही.

कूलरवाला_भाऊ
काकू, चालेल काय, या! १९७० मध्ये इथल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. एकत्र बसायची नागपूरला सवय आहे.

जपमाळ_काकू
मग नाताळात करंज्या पाठवते. ओल्या खोबऱ्याच्या.

मोहननगर_मावशी
ओल्या टिकत नाहीत हो, सुक्या करा. खसखस भाजून.

अजनीचा_रेल्वेवाला
विषय सोडून लिहितोय पण महत्त्वाचं आहे. पाळकांचा फोटो लावून दुसऱ्याच नंबरवरून मेसेज येऊन राहिले, "मीटिंगमध्ये आहे, बोलू शकत नाही, एका आजारी बहिणीसाठी लगेच पैसे टाका." आमच्या मंडळीतल्या विधवा बाईंचे गेले. दानधर्म करणाऱ्यांनाच गाठतात, फार राग येतो. आधी पाळकांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा, आवाज ऐका, मगच द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, कळवा.

रात्रपाळीची_सिस्टर
१९३० सेव्ह केला. आईच्या फोनमध्येही टाकते.

दुबईतून_अनिल
आमच्याकडे साडेसात, घरी नऊ. त्या वेळी कुटुंबप्रार्थना. बाबा फोन देवघरासारखा टेबलावर मधोमध उभा करतात, म्हणजे मी मधे बसल्यासारखा. गीत एकत्र म्हणायला जमत नाही, आवाज मागेपुढे होतो, म्हणून कडवी वाटून घेतो. दुसरं नेहमी माझं. लेबर कॅम्पमधला केरळचा एक सोबती भाषा कळत नसताना येऊन बसतो. परवा मला यायला उशीर झाला तर म्हणाला, "फादर कॉलिंग, कम."

आयटीतला_थॉमस
अनिलदादा 🙏

एक विचारायचं होतं. तरुण संघात एकाने एआयकडून संदेश, म्हणजे द्यायचं प्रवचन, लिहून आणला. मराठी छान, वचनं बरोबर. तरी बसल्याबसल्या काहीतरी खुपत होतं.

निवृत्त_मास्तर
संदेश देणाऱ्याने तो आठवडा त्या वचनापाशी काढलेला असतो. त्या आठवड्यात त्याच्या घरी कोणी आजारी असतं, कोणाशी भांडण झालेलं असतं, ते सगळं त्या बोलण्यात उतरतं. यंत्राकडे तो आठवडा नाही. शब्दार्थ, संदर्भ शोधायला खुशाल घ्या. पण मंडळीपुढे उभं राहायचं तर गुडघ्यांवर वेळ काढूनच.

मानकापूरची_सून
सगळं आत्ता वाचून काढलं, कुकर लावलाय. सासूबाई पडल्यापासून घरूनच यूट्यूबवर उपासना बघतात, डोक्यावर पदर घेऊन, अर्पणाचे पैसे रुमालात बांधून. पण आता म्हणून राहिल्या, "मला प्रभुभोजन घ्यायचंय, तिथे जाऊन." ह्यांची रविवारी ड्युटी. कोणाची गाडी आमच्याकडून जाते का?

अजनीचा_रेल्वेवाला
माझी आहे. वळसा पडेल, काही हरकत नाही. जिना किती?

मानकापूरची_सून
एकच मजला. कठडा धरून उतरतात, एका बाजूने हात द्यावा लागतो. आठला तयार ठेवू?

कूलरवाला_भाऊ
आठ नाही वहिनी, ऊन वाढलं म्हणून आता उपासना साडेसातला आहे. पावणेसातला तयार ठेवा. मी पण येतो, दुसऱ्या बाजूने धरायला.