२४ लिटरचा कॉम्प्रेसर, हवेवरचा सँडर आणि दम

सागवानी_दार (चिपळूण):
घरी १ एचपीचा, २४ लिटर टाकीचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर आहे. टायरात हवा भरायला, धूळ उडवायला झकास. आता जुनी दारं घासून पॉलिश करायची म्हणून ६ इंची हवेवरचा सँडर आणलाय. ट्रिगर दाबला की क्षणभर जोरात फिरतो, मग मरगळतो. खोक्यावर कॉम्प्रेसर ४ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलाय, सँडरवर ८. शेजारचा गॅरेजवाला जुन्या गॅस सिलिंडरची ५० लिटरची जादा टाकी करून देतो म्हणतो. जमेल?

जुना_फिटर (भोसरी):
खोक्यावरचा आकडा बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो, टाकीत पोचलेल्या हवेचा नाही. खरा आकडा घरीच काढ. नळ बंद ठेव, दाबाचा काटा ६ बारवर असल्यापासून ८ वर जाईपर्यंत घड्याळ लाव. तेवढ्यात साधारण ४८ लिटर हवा आत जाते (२४ लिटर टाकी गुणिले वाढलेले २ बार).

सागवानी_दार:
काका, ४६ सेकंद लागले.

जुना_फिटर:
म्हणजे मिनिटाला ६३ लिटर, जेमतेम सव्वादोन सीएफएम. सँडर मागतो ८, म्हणजे मिनिटाला २२६ लिटर. पंप चालू धरला तरी काटा ८ वरून ६ वर यायला १८-एक सेकंद. टाकी वाढवलीस तर मिनिटभर घासशील, पण भरायला तोच पंप. पुढे सव्वादोन मिनिटं बसून राहशील. अख्खं दार असं करशील तर मोटार तापून बसेल. हे छोटे ऑइल-फ्री पंप सतत पळायला केलेलेच नसतात. विजेवरचा ५ इंची ऑर्बिटल सँडर घे, ३०० वॉटचा. तुझा कॉम्प्रेसर साडेसातशे वॉट खाऊनही हे काम करत नाही, यातच काय ते समज.

रंधा_पटाशी (सावंतवाडी):
काकांशी सहमत, पण कॉम्प्रेसर विकू नकोस हो. पट्ट्या ठोकायला ब्रॅड नेलर (बारीक खिळे मारायची बंदूक) याच्यावर मजेत चालतो, एका खिळ्याला हवा लागते ती कितीशी! इम्पॅक्टने (हवेवरच्या पान्याने) चाकाचे नट निघतात, दर दोन-तीन नटांनंतर टाकी भरू द्यायची. फक्त ती ५ मिमीची स्प्रिंगवाली नळी काढ, ८ मिमीची घाल. ट्रिगर दाबून ठेवून हत्याराजवळचा काटा बघ, दाब कुठे गळतो ते कळेल. पॉलिश फवारायला कमी हवेची, कमी दाबाची एलव्हीएलपी गन आण. आणि आपल्याकडच्या पावसात सीलर (पॉलिशआधीचा थर) मारूच नको, पांढुरकी झाक येते. टाकीखालचा नळ रोज सोडायचा, कपभर पाणी निघतं.

सागवानी_दार:
आणि सिलिंडरची टाकी? फुकटात मिळतेय.

जुना_फिटर:
मुळीच नको. आत गॅस उरलेला असला तर वेल्डिंग करतानाच भडका. त्यातून वाचलास तरी आतून गंजत जाणार, बाहेरून दिसणार नाही, आणि तो जोड ८ बारला कुणी तपासलाय? पाण्याची पीव्हीसी पाईपही हवेला लावू नकोस, फुटली की तुकडे उडतात. जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघ. तो अडकलेला निघाला तर आधी तोच बदल, सँडरचं मग बघू.