लिव्हरचं कुलूप भंगारात काढण्याआधी कडी कशाने अडते ते बघा

सातपूर_टूलरूम
काल इथे एक पोस्ट पडली: "डबल लॉकिंगचं पिनवालं कुलूप घ्या, सात लिव्हरचं जुनं कुलूप भंगारात द्या, ते आता कुणीही उघडतं." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

कुलपात दोन वेगळी कामं चालतात. किल्ली ओळखण्याचं काम लिव्हर (पत्र्याच्या झुलत्या पट्ट्या), पिना (स्प्रिंगने दाबलेल्या बारीक दांड्या) किंवा चकत्या करतात. कडी धरून ठेवण्याचं काम दुसराच भाग करतो. डबल लॉकिंग हा कडी धरण्याचा प्रकार आहे, त्याचा पिनांशी काही संबंध नाही.

साध्या, दाबून लागणाऱ्या कुलपात कडीच्या एका पायाला खाच असते आणि स्प्रिंगने पुढे रेटलेली तिरकी जीभ त्या खाचेत बसते. जीभ मागे सरकते म्हणून तर ते दाबून लागतं. पण मग कडीलगत पातळ पत्र्याची पट्टी घातली तरी तीच जीभ मागे सरकते. पिना पाच असोत की सात, त्यांना कुणी विचारतच नाही. सुधारलेल्या, म्हणजे डबल लॉकिंगच्या कुलपात जिभेऐवजी पाणी दिलेल्या (तापवून कडक केलेल्या) पोलादाच्या दोन गोळ्या असतात, कडीच्या दोन्ही पायांच्या आतल्या खाचांत बसलेल्या. दोन गोळ्यांच्या मधे एक छोटा दंडगोल. कुलूप बंद असताना त्याची पूर्ण जाडी गोळ्यांच्या पाठीशी उभी असते, गोळ्यांना मागे जायला जागाच नसते. किल्लीने तो पाव फेरा फिरला की त्याच्या कापलेल्या बाजू समोर येतात, गोळ्या आत घरंगळतात, कडी वर येते. इथे पट्टी घालून उपयोग नाही, गोळीमागे सबंध पोलाद आहे.

आता लिव्हर. कडी अडवणाऱ्या सरकत्या दांड्यावर, म्हणजे बोल्टवर, एक खुंटी असते. सगळे लिव्हर एका खिळ्यावर झुलतात, प्रत्येकाला आपली स्प्रिंग. किल्ली प्रत्येक लिव्हर ठरल्या उंचीला उचलते, सगळ्यांच्या खिडक्या (लिव्हरमधल्या खाचा) एका रेषेत आल्या की खुंटी आत शिरते आणि बोल्ट कडीच्या खाचेतून बाहेर येतो. कमी उचललं तरी अडतं, जास्त उचललं तरी अडतं. आणि किल्ली फिरवूनच लागणाऱ्या कुलपात बोल्ट स्प्रिंगच्या भरवशावर नसतो, म्हणजे पट्टीला तोही दाद देत नाही.

लिव्हरच्या कुलपाचा खरा दोष वेगळा आहे. बहुतेकांत बोल्ट कडीचा एकच पाय अडवतो. कटरने एक काप दिला की उरलेली कडी दुसऱ्या पायाभोवती फिरवता येते. दोन्ही पाय अडलेले असतील तर दोन काप द्यावे लागतात. सुधारणा करायची तर ती इथे करा. लिव्हर फेकून काय साधणार?

मेनरोड_चावी
कडीचं बरोबर आहे. पण लिव्हरची एवढी बाजू घेऊ नका. लिव्हर म्हणजे पत्र्यातून पंच केलेली पट्टी. पंच बोथट झाला की कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहते. बर घासली नाही तर लिव्हर शेजारच्याला चिकटून दोन्ही एकत्र उचलले जातात, आणि मग सात लिव्हरचं कुलूप प्रत्यक्षात पाचाचं होतं. बाहेरून हे कळायला काही मार्ग नाही. "७ लिव्हर" हा शिक्का बघून लोक पैसे मोजतात, याचा मला खरंच राग आहे.

दुसरं, किल्ली. पिनची किल्ली मशीनवर दोन मिनिटांत निघते. लिव्हरची किल्ली बऱ्याचदा कानशीने हाताने उतरवावी लागते. एका दाताला ०.२ मिलिमीटर जास्त कानस लागली की किल्ली कधी चालते, कधी नाही. त्यात लोक नकलेवरून नक्कल करायला आणतात. प्रत्येक नकलेत आधीची चूक उतरते आणि तिच्यात नवी मिसळते. तिसऱ्या पिढीची किल्ली अडते तेव्हा दोष कुलपाला! मूळ किल्ली वापरातून काढून जपून ठेवा आणि नक्कल नेहमी तिच्यावरूनच काढा.

सराफबाजार_४२२००१
इतिहासच बघा ना. लिव्हरचं कुलूप १८५१ सालीच हरलं. लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब कंपनीचं लिव्हरचं 'डिटेक्टर' कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं होतं. मग आज, पावणेदोनशे वर्षांनी, त्याच तत्त्वावर काय म्हणून विसंबायचं?

सातपूर_टूलरूम
अर्धाच इतिहास सांगू नका. त्याच वर्षी त्याच हॉब्सने ब्रामा कंपनीचं कुलूपही उघडलं, त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. ते लिव्हरचं नव्हतं, त्यात सरकत्या पट्ट्या होत्या. आणि त्यानंतर लिव्हर तिथेच थांबले नाहीत. चांगल्या लिव्हरच्या खिडकीच्या तोंडाशी आणि खुंटीवर बारीक खोट्या खाचा असतात. बोल्टवर दाब देऊन एकेक लिव्हर चाचपायला गेलं की खुंटी त्या खोट्या खाचेत अडकते आणि लिव्हर तिथेच रुततो. पिनवाल्यांनी याच कामासाठी मधे बारीक कंबर असलेल्या पिना काढल्या. तत्त्वाच्या वयावर जायचं तर पिनचं कुलूप प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपापर्यंत मागे जातं. लायनस येल धाकट्याने १८६० च्या दशकात त्याला आजचं रूप दिलं, एवढंच.

आकडे हवेत? पाच पिना, प्रत्येकीला किल्लीवरचा काप सहा वेगवेगळ्या खोलीचा धरला तर ७,७७६ किल्ल्या. सात लिव्हर, प्रत्येकी पाच उंच्या धरल्या तर ७८,१२५. दोन्ही आकडे कागदावरचे. शेजारशेजारच्या दातांत फार मोठी उडी चालत नाही, किल्ली आत सरकतच नाही, त्यामुळे पिनचा आकडा आणखी खाली येतो.

दिंडोरी_द्राक्षबाग
तुमचं सगळं शहरातल्या दारांपुरतं चाललंय. मोटारीच्या खोलीला आणि औषधांच्या कोठीला लावलेल्या कुलपाला चोर क्वचित भेटतो, मोरचूद आणि गंधक रोज भेटतं. एक टक्का बोर्डो (बागेवर फवारायचं बुरशीनाशक) म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. चुना कमी पडला तर द्रावण आम्लधर्मी राहतं. विळ्याचं पातं बुडवून तांबूस थर चढतो का हे आपण बघतो ते याचसाठी. तोच थर त्या हातांनी कुलपाच्या कडीवर चढतो. आधी जस्ताचा मुलामा जातो, मग लोखंडाला खड्डे पडतात. गंधकाच्या भुकटीने पितळ काळं पडतं. पिनांच्या भोकांत धूळ बसली की त्या बारीक स्प्रिंगा पिन खाली ढकलत नाहीत. लिव्हरच्या स्प्रिंगा साध्या पोलादाच्या असतील तर त्या गंजून तुटतात.

स्प्रिंगच नसलेलं कुलूप का नाही सुचवत कुणी? चकत्यांचं तत्त्व १९०७ सालचं, फिनलंडच्या एमिल हेन्रिकसनचं. अर्धगोल किल्लीचा प्रत्येक काप आपापली चकती वेगळ्या कोनात फिरवतो, सगळ्या खाचा जुळल्या की बाजूची पट्टी त्यांत उतरते आणि गाभा फिरतो. धूळ गेली तरी किल्लीच चकती ढकलते.

मेनरोड_चावी
दादा, चकत्यांची किल्ली हरवली तर नक्कल कुठे काढणार? तिचे काप कोनात असतात, साध्या मशीनवर निघत नाहीत. आणि कुलूप अडतं त्याला कारण धूळ नसते, तेल असतं. लोक खोबरेल ओततात! खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. निफाडच्या थंडीत पहाटे त्याचं मेण होतं. शेंगदाण्याचं तेल हवेने चिकट होतं आणि धुळीचा लगदा धरतं. ग्रॅफाइटची भुकटी घाला, विषय संपला.

सातपूर_टूलरूम
विषय संपला नाही, तुम्ही चुकीचं सांगताय. पितळी पिनांना ग्रॅफाइट ठीक, तेही चिमूटभर. जास्त झालं की भोकं भरतात. लिव्हर पोलादाचे असतात. ग्रॅफाइट त्यांना गंजापासून वाचवत नाही. उलट ओलाव्यात पोलादाला ग्रॅफाइट चिकटून राहिलं की गंज वाढतो. लिव्हरला शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन थेंब, बस. लोक वाचून तसंच करतात, म्हणून आवाज चढवून सांगतोय.

मेनरोड_चावी
आवाज चढवायची गरज नाही. लिव्हरला तेल, मान्य. पण हेही लिहा की आधी ग्रॅफाइट घातलेल्या कुलपात वरून तेल ओतू नये. दोन्हींचं मिळून काळं मलम होतं आणि त्यानंतर ते धुऊनच काढावं लागतं.

भांडीबाजार_गाळा
धुण्यावरून आठवलं, इथे कामाचं आहे. गोदेला पूर आला की शटरची कुलपं गाळात बुडतात, ती तर जमिनीलगतच असतात. पाणी ओसरल्यावर पहिली चूक म्हणजे किल्ली घालून जोर लावणं. गाळातली वाळू पिनांच्या भोकांत रेटली जाते आणि किल्ली पिळून तुटते. किल्लीला हात न लावता आधी स्वच्छ पाण्याची धार किल्लीच्या भोकात आणि कडीच्या दोन्ही भोकांत मारा, गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत. मग रॉकेल किंवा डिझेल सोडा, तासभर ठेवा, किल्ली नुसती आतबाहेर करा, शेवटी हलकेच फिरवा. उघडल्यावर उन्हात वाळवून मगच तेल. नवं घेताना तळाला पाणी निथळायला भोक आहे का ते बघून घ्या.

पंचवटी_वाडा
कोयंड्याचं कुणीच बोलत नाही! जुन्या वाड्यांच्या दारांना कोयंडा फळीतून आरपार जायचा आणि मागे त्याची टोकं वळवून ठोकलेली असायची. आता एक इंची स्क्रूने पत्र्याची पट्टी बसवतात, तीही स्क्रूचे माथे बाहेर ठेवून. पहार घातली की कुलूप शाबूत आणि कोयंडा हातात. ८ मिलिमीटरचे गोल माथ्याचे बोल्ट आरपार घाला, नट आतल्या बाजूला, मागे पट्टी. आणि १० मिलिमीटरच्या कडीला ११-१२ चं भोक पुरे. मोकळी जागा राहिली की पहारेचं टोक तिथेच शिरतं.

दिंडोरी_द्राक्षबाग
हे मात्र पटलं. पण कडी मऊ असेल तर पहारही लागत नाही, कटर पुरतो.

सातपूर_टूलरूम
घेतानाच तपासा. कडीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, बारीक कानस एकदा ओढा. मुलामा खरवडला जाऊन खाली कानस नुसती घसरली तर वरच्या थराला पाणी चढवलेलं आहे. कानशीने धातू धरला, भुकटी पडली, तर कडी मऊ आहे. १० मिलिमीटरची असली तरी ३६ इंची कटर तिला कापतो. आणि चकत्यांचं म्हणाल तर बागेसाठी मान्य करतो, कडीचे दोन्ही पाय अडलेले असतील तरच. एका पायाचं असेल तर घेऊ नका.

मेनरोड_चावी
आणि किल्ल्या तीन मिळतात का ते दुकानातच विचारा. दोनच देत असतील तर चकत्यांच्या वाटेला जाऊ नका.