मदत हवी आहे: सोसायटीच्या इंग्रजी नोटिशीत स्टार्ट, बिगिन की कमेन्स?

ऐरोलीचा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. शनिवारी सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या धुवायच्या आहेत. मराठी नोटिशीखाली इंग्रजीही लावावी लागते. मराठीत सगळीकडे ‘सुरू’ आहे, इंग्रजीत मात्र कमिटीतल्या तिघांनी तीन शब्द घातलेत. मसुदा असा:

1. टँक क्लीनिंग वर्क विल बी स्टार्टेड फ्रॉम सॅटर्डे 10 एएम.
2. वॉटर सप्लाय विल बिगिन आफ्टर द मोटर बिगिन्स.
3. द प्लंबर हॅज ऑलरेडी बिगॅन द वॉल्व्ह वर्क.
4. मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू कमेन्स टू स्टोअर वॉटर फ्रॉम फ्रायडे नाइट.

काय बदलू? नुसतं उत्तर नको, कारणही सांगा. कमिटीत पटवून द्यावं लागेल.

व्याकरणवेल्हाळ
तिन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच, घोळ वेगळीकडे आहे. आपल्याकडे ‘सुरू होणे’ आणि ‘सुरू करणे’ अशी दोन रूपं आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच स्टार्ट चालतं: द मीटिंग स्टार्टेड, वी स्टार्टेड द मीटिंग. हे लक्षात नसलं की ‘सुरू झालं’ म्हणायला माणूस ‘वॉज स्टार्टेड’ लिहितो. द रेन वॉज स्टार्टेड म्हणजे पाऊस कुणीतरी बटण दाबून सुरू केला! कुणी सुरू केलं याला महत्त्व असेल तेव्हा वॉज स्टार्टेड बरोबर: द पंप वॉज स्टार्टेड बाय द वॉचमन. द स्कूल वॉज स्टार्टेड इन 1985 म्हणजे शाळेची स्थापना झाली. जूनमध्ये शाळा सुरू झाली असं म्हणायचं तर स्कूल स्टार्टेड इन जून. तेव्हा तुमच्या पहिल्या ओळीतलं ‘विल बी स्टार्टेड’ व्याकरणाने चूक नाही, पण नुसतं ‘विल स्टार्ट’ पुरे.

दुसरी गडबड ‘फ्रॉम’ची. तो आपला ‘पासून’ आहे. सुरू होण्याचा क्षण एकच असतो, म्हणून वेळेला ॲट आणि वाराला ऑन: टँक क्लीनिंग विल स्टार्ट ॲट 10 एएम ऑन सॅटर्डे.

ऐरोलीचा_सेक्रेटरी
पण पेपरातल्या जाहिरातीत ‘ॲडमिशन्स स्टार्ट फ्रॉम मंडे’ सर्रास दिसतं. ते सगळे चूक?

व्याकरणवेल्हाळ
भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलंय की अडत कुणाचंच नाही. इंग्रजीच्या पेपरात मात्र मार्क जातील. फ्रॉम कुठे चालतो, तर क्रिया पुढे चालू राहत असेल तिथे. द ऑफिस इज ओपन फ्रॉम 10, द लिफ्ट विल बी क्लोज्ड फ्रॉम मंडे. उघडं असणं, बंद असणं पुढे टिकतं. सुरू होणं टिकत नाही. ठिकाणालाही फ्रॉम लागतो: द ट्रेन स्टार्ट्स फ्रॉम ठाणे.

पामबीचवरून
दुसरी ओळ. यंत्राला बिगिन कधीच लागत नाही. गाडी, मोटर, जनरेटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना स्टार्टच. पंपाच्या पेटीतला स्टार्टर, ट्यूबलाइटचा स्टार्टर, सगळे याच घरातले. गाडी सुरूच होत नसेल तर ‘द कार वोन्ट स्टार्ट’ म्हणतात. आग लावणं, अफवा उठवणं, धंदा काढणं, प्रवासाला निघणं इथेही स्टार्टच बसतं.

आणि तुमचं पाणी नव्याने सुरू होत नाहीये, बंद करून पुन्हा सुरू होतंय. त्याला रिझ्यूम.

व्याकरणवेल्हाळ
+1. तिसऱ्या ओळीत हॅजपुढे तिसरं रूप हवं: बिगिन, बिगॅन, बिगन. ‘हॅज बिगॅन’ शिकल्यासवरल्यांच्या मेलमध्येही सापडतं. खात्री नसेल तर सरळ ‘हॅज स्टार्टेड’ लिहावं, दोन्ही रूपं सारखीच.

कागदी_घोडा
कमेन्स हा कचेरीचा शब्द. टेंडर, करारनामा, विमा पॉलिसी, कोर्टाचे कागद इथे तो शोभतो. बिल्डरच्या फायलीतली ‘सीसी’ म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट. पालिका किंवा सिडको ती देते तेव्हाच बांधकामाला हात लावता येतो. तिथे ‘स्टार्ट सर्टिफिकेट’ कोणी म्हणणार नाही. पण बादल्या भरून ठेवायला कमेन्स म्हणजे लग्नाचा फेटा घालून भाजी आणायला जाणं. शिवाय कमेन्सपुढे सहसा टू-वालं क्रियापद घेत नाहीत. नाम किंवा आयएनजी-वालं रूप येतं, जसं कमेन्स वर्क.

खरं तर चौथ्या ओळीत सुरुवातीचा शब्दच नको. ‘साठवायला सुरुवात करावी’ हा मराठी नोटिशींचा फुगवटा आहे. प्लीज स्टोअर इनफ वॉटर ऑन फ्रायडे नाइट. झालं.

आठवीची_आई
धागा चांगला चाललाय म्हणून विचारते. मुलीच्या पुस्तकात ‘स्टार्टेड टू रेन’ आणि ‘स्टार्टेड रेनिंग’ दोन्ही आहेत. फरक काय?

व्याकरणवेल्हाळ
एरवी काहीच नाही. दोन ठिकाणी टू-वालंच रूप घ्यायचं. एक, स्टार्टलाच आयएनजी लागलेला असेल तेव्हा: इट इज स्टार्टिंग टू रेन. ‘स्टार्टिंग रेनिंग’ कानाला खटकतं. दुसरं, समजणं-उमगणं अशा क्रियापदांआधी: आय स्टार्टेड टू अंडरस्टँड.

स्टार्टचा दुसरा अर्थही तिला सांगून ठेवा: दचकणं. शी वोक विथ अ स्टार्ट म्हणजे ती दचकून जागी झाली. मुळात अचानक हलणं, उडी घेणं हाच या शब्दाचा जुना अर्थ, ‘सुरुवात’ नंतर चिकटली. ‘स्टार्टल’ त्याचाच भाऊबंद. उताऱ्यात हा अर्थ आला की मुलं हमखास फसतात.

पामबीचवरून
फसवणारा अजून एक: ‘स्टार्ट अ फॅमिली’. आपल्याला वाटतं लग्न करून संसार थाटणं. त्याचा अर्थ पहिलं मूल होऊ देणं. ऑफिसात नवविवाहितांना हा प्रश्न सहज म्हणून टाकू नये.

ऐरोलीचा_सेक्रेटरी
आभारी आहे. नवीन मसुदा:

टँक क्लीनिंग विल स्टार्ट ॲट 10 एएम ऑन सॅटर्डे. वॉटर सप्लाय विल रिझ्यूम वन्स द पंप विल स्टार्ट. द प्लंबर हॅज ऑलरेडी स्टार्टेड द वॉल्व्ह वर्क. प्लीज स्टोअर इनफ वॉटर ऑन फ्रायडे नाइट.

कागदी_घोडा
दुसऱ्या वाक्यातला दुसरा ‘विल’ काढा. वन्स, व्हेन, आफ्टर यांच्या मागोमाग येणाऱ्या भागात भविष्यकाळासाठीही साधा वर्तमानच लागतो: वन्स द पंप स्टार्ट्स. आणि सॅटर्डेपुढे तारीख टाका, नाहीतर नोटीस बोर्डावर राहून गेली की पुढच्या शनिवारीही लोक बादल्या भरून बसतील.