व्होल्टेज पडलं की रॉडचे वॉटही पडतात

भाऊ, पाणी तापवायची १००० वॉटची रॉड घेऊनही बादली तापायला तासभर लागतो, म्हणून दुकानदारानं फसवलं असं तुम्ही म्हणता. आधी घरातलं व्होल्टेज मोजा. ते १००० वॉट २३० व्होल्टवरचे असतात. २३० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) ५२.९ ओहम. तो रॉडचा स्वतःचा, फारसा बदलत नाही.

आमच्या यवतमाळकडे गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे पंप सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो आणि घरात १८० व्होल्टच उरतात. परवा पहाटे रॉडच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावला, म्हणजे वायर न कापता बाहेरून करंट मोजणारा चिमटा. एकाच वायरीभोवती धरा. दोन्ही एकत्र धरल्या तर शून्य दिसतं. करंट आला ३.४ अँपिअर. १८० भागिले ३.४, पुन्हा तेच ५२.९ ओहम. आणि १८० गुणिले ३.४ म्हणजे फक्त ६१२ वॉट! व्होल्टेज २२ टक्के पडलं, पॉवर मात्र ३९ टक्के.

पंपाच्या मोटरला हा हिशेब लावू नका. तिथं पॉवर फॅक्टर मधे येतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला काही भागच खरी पॉवर असतो. शिवाय व्होल्टेज पडलं की भरल्या लोडवरची मोटर उलट जास्त करंट ओढते, वाइंडिंग त्यानंच जळते.