मदत हवी आहे: मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये रूटचेच (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचे) अधिकार गेले

मंडळी, रावेरला एका केळी व्यापाऱ्याचा हिशेब मायएसक्यूएल ८.० वर चालतो. त्यांच्या भाच्याने साफसफाईच्या नादात रूटचेच अधिकार रिव्होक केले, म्हणजे काढून घेतले. लॉगिन होतं, पण शो ग्रँट्समध्ये (अधिकारांच्या यादीत) नुसतं यूसेज, म्हणजे एकही अधिकार नाही! स्किप-ग्रँट-टेबल्स (अधिकार न तपासण्याचा पर्याय) लावून सर्व्हर चालू केला, तर ग्रँटला (अधिकार देण्याच्या कमांडला) १२९० एरर, म्हणजे या पर्यायात ती चालत नाही. मग फ्लश प्रिव्हिलेजेस करून (अधिकारांची टेबलं पुन्हा लोड करून) 'रूट'@'%' ला, म्हणजे कुठल्याही मशीनवरून येणाऱ्या रूटला, ग्रँट दिलं, तर १४१० एरर: ग्रँटने नवा यूजर बनवता येत नाही. यूजर टेबलात रूटची ओळ फक्त लोकलहोस्टची (त्याच मशीनवरची) आहे, म्हणून असेल का? त्या लोकलहोस्टच्या रूटलाच सगळे अधिकार विथ ग्रँट ऑप्शन (इतरांना अधिकार देण्याच्या मुभेसह) देऊन भागेल, की इनिट-फाइलने (सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या कमांडच्या फाइलने) करू? सर्व्हर बंद करून डेटा फोल्डरची कॉपी आधीच काढलीय. बाहेर केळीच्या गाड्या उभ्या, आणि शेठ दर दहा मिनिटांनी विचारतात, 'काय झालं भो?'