'गुडफेलाज'मधला कोपाकबानाचा शॉट गिंबलवर जमेल का?

तिरपी_फ्रेम
मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'गुडफेलाज' या माफियापटात (१९९०) गुंड हेन्री हिल त्याच्या प्रेयसीला, कॅरनला, मागच्या वाटेने कोपाकबाना क्लबात नेतो. रस्ता, जिना, बोळ, स्वयंपाकघर, थेट स्टेजपुढचं टेबल. जवळपास तीन मिनिटं, एकही कट नाही. लघुपटासाठी असाच शॉट मंगल कार्यालयात घ्यायचाय: मागचं दार, दहा पायऱ्या, भटारखाना, हॉल. फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा आणि तीन अक्षांचा गिंबल (मोटरांनी कॅमेरा सरळ ठेवणारी हातातली दांडी) आहे. चाचणीत जिन्यावर चित्र वरखाली हिंदकळतं आणि बराच वेळ नुसत्या पाठी दिसतात. काय करावं?

दिवाबत्ती
गिंबल कॅमेऱ्याचं कलणं-वळणं थोपवतो, पावलागणिक होणारी वरखाली उसळी नाही. कॅमेरा ऑपरेटर लॅरी मॅकॉन्कीने तो शॉट स्टेडिकॅमवर (अंगातल्या जाकिटाला जोडलेल्या हातावर कॅमेरा पेलणारं उपकरण) घेतला. त्यात ही उसळी स्प्रिंगचा हात गिळतो. स्प्रिंगचा हात आणि जाकीट भाड्याने मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर गुडघे वाकवून, टाच आधी टेकवत चाला. जिन्यावर पाऊल तिरकं टाका आणि मागून एकाला कमरेचा पट्टा धरायला सांगा.

लेन्स २० मिमी. ३५ मिमीच्या पुढे गेलात की प्रत्येक धक्का मोठा होऊन दिसतो. भिंगाचं छिद्र एफ ५.६ ठेवून फोकस अडीच मीटरवर अडकवला तर सव्वा मीटरपासून पुढचं सगळं शार्प येतं. ऑटोफोकस बंदच ठेवा, नाहीतर मध्ये वाढपी आला की तो त्याच्यामागे धावेल.

सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब लुकलुकत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ४३०० केल्विनवर कायम ठेवा. भटारखाना थोडा गार (निळसर) आणि हॉल उबदार (पिवळसर) दिसेल. तो फरक हवाच आहे.

बोळकांडी
पाठींचं उत्तर मूळ शॉटमध्येच आहे. आवाज बंद करून पाहा. हेन्री दारवानाला नोट देतो, चुंबन घेणाऱ्या जोडप्याला टोकतो, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतो. दर वेळी त्याचा चेहरा वळतो आणि मागे पडलेला कॅमेरा वळणाआधी त्याला गाठतो. तुमच्या वाटेवरही प्रत्येक वळणाच्या दोन पावलं आधी एक माणूस उभा करा.

आणखी एक. स्वयंपाकघरात शिरायची त्यांना खरं तर गरजच नाही. आत वळसा घालून ते पुन्हा त्याच बोळात येतात. पण त्या फेरीनेच आचाऱ्यांची लगबग आणि संवादाला वेळ मिळतो. तुम्हीही भटारखान्यात फेरी घाला. फक्त फरशी आधी कोरडी करून घ्या.

शेवटचं टेबलही नीट बघा: डोक्यांवरून उचलून आणलेलं, मेजपोसासकट. हे वेटरांकडून वेगळं दहा वेळा करून घ्या. तिथे चूक झाली तर आधीची अडीच मिनिटं फुकट.

जुनी_रीळ
हेन्री हिल खरा माणूस. बाप आयरिश, आणि पूर्ण सदस्यत्व फक्त इटालियन वंशाच्यांना, त्यामुळे माफियाचा पूर्ण सदस्य होणं त्याला कधीच शक्य नव्हतं. म्हणून रांग टाळून आत जाणं हीच त्याची पत. त्याच्या टोळीने ११ डिसेंबर १९७८ला न्यूयॉर्कच्या विमानतळावर लुफ्तान्सा विमान कंपनीच्या गोदामावर घातलेला दरोडा, सुमारे ५० लाख डॉलर रोख, स्कॉर्सेसी दाखवतच नाही. हेन्री अंघोळ करताना रेडिओवर ऐकतो. पण क्लबातली ही तीन मिनिटं स्कॉर्सेसी पूर्ण देतो! कॅमेरा दारावरची रांग ओलांडूनच खाली उतरतो. तुमच्याकडेही पहिल्या पाच सेकंदांत ताटकळलेली माणसं दिसलीच पाहिजेत. पंधरा जण पुरतील, जवळजवळ उभे करा.