मदत हवी आहे: नागपुरात कथकचा ग्रुप चालवायला व्यवहार कुठून शिकायचा?

आम्ही पाच जणी, सगळ्यांचं विशारद झालेलं. वर्षाला दहा-बारा कार्यक्रम मिळतात: गणेशोत्सव मंडळं, स्नेहसंमेलनं, कंपन्यांचे समारंभ. दर किती सांगायचा, पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे, काही नीट ठाऊक नाही. व्यवस्थापनाचा डिप्लोमा करावा का? 45 मिनिटांच्या एका कार्यक्रमाचा खर्च लिहिते. मानधन 25,000. पोशाख-दागिन्यांचं भाडं 3,500, मेकअप 2,000, तबला-पेटी-गायन 7,500, त्यांच्या दोन तालमी 3,600, तालमीची जागा आठ दिवस 3,200, गाडी 2,500, चहा-नाश्ता 1,200.

विंगेतून: ताई, डिप्लोम्याच्या आधी हीच बेरीज पुरी करा. खर्च 23,500, उरले 1,500. प्रत्येकीला 300 रुपये.

आता जे लिहिलंच नाही ते बघा. आठ तालमी, तीन-तीन तासांच्या, पाच जणी: 120 तास. तासाला फक्त 100 रुपये धरले तरी 12,000. कार्यक्रमाच्या दिवसाचे प्रत्येकी 1,000, म्हणजे 5,000. एकूण 40,500. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला. म्हणजे 45,000च्या खाली तुम्ही पदरमोड करून नाचताय. आयोजकाकडे तेवढं बजेट नसेल तर दर पाडू नका, कार्यक्रम लहान करा: तीन जणी, 25 मिनिटं, आधी बसवलेली रचना. तालमी आठवरून तीनवर येतात, आणि खरी बचत तिथेच आहे. बसवलेला कार्यक्रम जितक्या वेळा कराल तितका तो स्वस्त पडतो, म्हणून दर वेळी नवं बसवायचा मोह टाळा.

तिसरी घंटा: वरच्या हिशेबाशी सहमत. पैशाच्या वाटेबद्दल माझं सांगणं.

सगळं मानधन एकीच्या खात्यात गेलं की कागदावर ते तिचंच उत्पन्न दिसतं, टीडीएसही (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) तिच्याच पॅनवर कापला जातो, आणि विवरणपत्र भरताना तिची अडचण होते. पाच जणींची भागीदारी करा. करारनामा, फर्मचं वेगळं पॅन, चालू खातं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन, मोफत. पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. भागीदारी नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवलेली नसेल तर थकलेल्या पैशासाठी फर्मला आयोजकावर दावा लावता येत नाही. पुढे अनुदानाकडे वळायचं असेल तर बहुतेकदा नोंदणीकृत संस्था (सोसायटी) लागते. तिला किमान सात सभासद हवेत, म्हणजे आणखी दोन जणी शोधा.

जीएसटीची भीती नको. सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. शिवाय शास्त्रीय नृत्याच्या कलाकाराला एका कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे.

विंगेतून: करार एका पानाचा पुरतो. 50 टक्के आगाऊ, 40 टक्के आदल्या दिवशी, 10 टक्के कार्यक्रमानंतर. रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत नाही. मंचाचं माप फुटांत लिहा, आणि मंच लाकडी, खिळे न वर आलेला, कार्पेट नसलेला हवा हेही लिहा. मंडळवाले हौसेनं गालिचा अंथरतात आणि घुंगरांचा, तत्काराचा (पायांच्या बोलांचा) आवाज पार बसतो. डिसेंबरात उघड्यावर कार्यक्रम असेल तर वर छत मागाच. रात्री दव पडतं, मंच निसरडा होतो आणि तबल्याचा सूर उतरतो. चित्रपटगीताचं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर परवाने कोण काढणार तेही लिहून घ्या. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, गीत-संगीताचा वेगळा.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार. स्वतःचा तिकीट लावून कार्यक्रम सुरेश भट सभागृहात करावा असं मनात आहे.

तिसरी घंटा: आत्ताच नको. तिथे दोन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत, अडीचशे रसिकांत सभागृह ओकंबोकं दिसेल. सायंटिफिकसारख्या लहान सभागृहापासून सुरुवात करा. आधी भाडं, ध्वनी, प्रकाश, साथीदार, छपाई यांची बेरीज करा, तिला तिकिटाच्या दरानं भागा. उत्तर खुर्च्यांच्या साठ टक्क्यांवर गेलं तर खर्च कापा. तिकीट 500पर्यंत ठेवलंत तर त्यावर जीएसटी नाही.

शिकायचंच असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षणांची चौकशी करा, आणि केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर हिशेबाचा मोफत अभ्यासक्रम बघा. पाचांपैकी एकीनं केला तरी चालेल. साथीदारांना रोख दिलेत तर व्हाउचरवर सही त्याच रात्री घ्या, गाडी सुटायच्या आधी.